ब्लिस्टर बीटल : डिंभ व प्रौढ यांच्या शरीररचनेवर आधारित वर्गीकरण

ब्लिस्टर बीटल हे भुंगेऱ्यांच्या गणातील मेलॉइडी कुलाचे कीटक असून न्यूझीलंड व अंटार्क्टिका वगळता जगात जवळजवळ सर्वत्र आढळतात. या कुलात सुमारे ३,००० जाती (स्पीशीज) असून त्या १२० हून अधिक प्रजातींत (जीनस) विभागल्या आहेत. महाराष्ट्रात बाजरीच्या फुलोऱ्यावर येणारे हिंगे, तसेच पावसाळ्याच्या उत्तरार्धात तूर, मूग, भेंडी आणि जास्वंद यांची फुले खाऊन टाकणारे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे याच कुलातील होत. डिवचल्यावर त्यांच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव पाझरतो आणि त्यातील कँथॅरिडिनामुळे कातडीवर फोड येतात. हे द्रव्य फ्रेंच रसायनज्ञ पियेर रोबिके यांनी १८१० मध्ये वेगळे केले. तथापि केवळ त्यावरून कुल ठरविता येत नाही, कारण ईडेमेरिडी या दुसऱ्या कुलातील भुंगेऱ्यांतही तेच द्रव्य असते. वर्गीकरणाचा भरवसा शरीररचनेवरच ठेवावा लागतो आणि ती डिंभावस्था (अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोश होईपर्यंतची अवस्था) व प्रौढावस्था अशा दोन्ही बाजूंनी तपासावी लागते.

प्रौढ भुंगेरा कुलापर्यंत ओळखणे फारसे अवघड नाही. डोके खाली झुकलेले असून त्याच्यामागे मान आवळल्यासारखी बारीक असते. अग्रवक्ष (छातीचा पुढचा भाग) पंखांच्या बुडापेक्षा अरुंद असून त्याच्या बाजूंना धारदार कड नसते. पुढचे पंख इतर भुंगेऱ्यांच्या मानाने मऊ असतात. पुढच्या व मधल्या पायांच्या गुल्फात (पायाच्या टोकाकडील खंडयुक्त भागात) पाच-पाच आणि मागच्या पायांच्या गुल्फात चार खंड असतात. सर्वांत उपयोगी खूण मात्र नखरांची (पायाच्या टोकावरील नख्यांची) आहे. प्रत्येक नखर उभे चिरल्याप्रमाणे दुहेरी दिसते : वरचे पाते रुंद आणि खालचे बारीक. वरच्या पात्याची कड गुळगुळीत आहे की दातेरी, एवढ्या तपशिलावरूनही मोठे गट वेगळे काढायला मदत होते. नेमोग्नॅथिनी या उपकुलात ती बहुधा दातेरी असते आणि त्यातील काही प्रजातींत जंभाचा (तोंडाच्या एका अवयवाचा) एक भाग लांबून मकरंद शोषण्याची नळी बनलेली असते. एपिकॉटा प्रजातीत पुढच्या मांडीच्या खालच्या बाजूस रेशमी केसांचा ठिपका असतो, तर मेलोई प्रजातीत मागचे पंख नसतात आणि आखूड पुढच्या पंखांखालून फुगलेले उदर बाहेर आलेले असते. शृंगिकांवर (डोक्यावरील स्पर्शिकांवर) मात्र पूर्ण विसंबू नये. मेलोईच्या अनेक जातींत व सेरोकोमा प्रजातीत नराच्या शृंगिका प्रणयाराधनात वापरल्या जात असल्यामुळे त्यांचा आकार फार बदललेला असतो. अशी लक्षणे जात ओळखायला चांगली असली तरी गटांचे नाते ठरवायला कमकुवत ठरतात.

डिंभांची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे, कारण एकाच कीटकाला वाढताना अनेक वेगवेगळी रूपे घ्यावी लागतात. अंड्यातून चपळ, सहा पायांचा, कवचयुक्त डिंभ बाहेर पडतो. अन्न सापडल्यावर तो कात टाकून मऊ, जाड अळी होतो. त्यानंतर पाय खुंटलेली, कठीण सालीची, निश्चल अवस्था येते. मग पुन्हा अळी, कोश आणि शेवटी प्रौढ. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र यांनी १८५७ मध्ये मधमाश्यांच्या घरट्यांत वाढणाऱ्या सिटॅरिस प्रजातीवरून या क्रमाचे वर्णन करून त्याला अतिरूपांतरण असे नाव दिले. त्यापूर्वी पहिला डिंभ ओळखूही येत नव्हता. विल्यम कर्बी यांनी १८०२ मध्ये मधमाशीच्या अंगावर सापडलेल्या अशा डिंभाला उवांच्या प्रजातीत घातले होते आणि लेओं द्यूफूर यांनी १८२८ मध्ये त्याच्यासाठी ट्रायंग्युलिनस ही स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली. पायाच्या टोकाला तीन नखरे दिसतात म्हणून हे नाव. प्रत्यक्षात मधले एकच नखर असून बाजूचे दोन नखरासारखे झालेले राठ केस असतात.

या पहिल्या डिंभावर जे. डब्ल्यू. मॅक्स्वेन यांनी १९५६ मध्ये संपूर्ण कुलाचे वर्गीकरण मांडले. डोक्याच्या प्रत्येक बाजूला साधे नेत्र किती, कवटीवरील कात फाटण्याची रेषा कशी, उदराच्या पहिल्या श्वासरंध्राचा आकार केवढा, शेपटीकडील केस किती लांब, ही त्यातील मुख्य लक्षणे. मेलोइनी उपकुलात बहुधा एका बाजूला एकच साधा नेत्र असतो, तर नेमोग्नॅथिनीत सामान्यतः दोन. पुढील अवस्थाही कामास येतात : नेमोग्नॅथिनीत निश्चल अवस्था, दुसरी अळी व कोश हे जुन्या कातीच्या आतच राहतात.

परंतु मधमाशीच्या अंगावर बसून घरट्यात जाणाऱ्या डिंभांच्या बाबतीत ही पद्धत फसवी ठरू शकते. स्वारीसाठी लागणारी रचना, म्हणजे होडीच्या आकाराचे अंग, मजबूत पाय आणि मेलोईसारखी त्रिशूळासारखी पसरट नखरे, गरजेपोटी घडते आणि एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या शाखांतही ती स्वतंत्रपणे आली आहे. सायनिओलिट्टा प्रजातीचे डिंभ तर मधमाश्यांऐवजी जमिनीवरील भुंगेऱ्यांना चिकटतात. याउलट एपिकॉटा व मायलॅब्रिस या प्रजातींचे डिंभ जमिनीत टोळांची अंडी शोधून खातात. स्वारी करणाऱ्यांची खास साधने त्यांना लागत नाहीत. म्हणूनच मार्को बोलोन्या व जॉन पिंटो यांच्या २००१ मधील अभ्यासात डिंभ आणि प्रौढ अशा दोहोंची लक्षणे एकत्र घेतली गेली, आणि स्वारीची सवय अनेकदा उद्भवली असावी असा निष्कर्ष निघाला.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण डिंभ आणि प्रौढ यांची जोडी जमविण्याची असते. त्यासाठी ओळख पटलेली मादी ओलसर माती घातलेल्या बरणीत ठेवतात. ती माती उकरून शेकडो अंड्यांचा पुंजका घालते, आणि बाहेर पडलेले काही डिंभ मद्यार्कात जतन करून पारदर्शक करतात व काचपट्टीवर बसवितात. उरलेल्यांना जातीनुसार परागकण व मध किंवा टोळांची अंडी देऊन पुढच्या अवस्थांपर्यंत वाढवतात.