ग्वाल्हेरात जुनी महागडी फोर-बाय-फोर: भाव ठरवण्याआधी आरसी वाचा

दहा-पंधरा लाखांत जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, फॉर्च्युनर किंवा एंडेव्हर शोधायला ग्वाल्हेरात निघालात, की यार्डवाला आधी डीएल, एचआर नाहीतर यूपी (दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश) नंबरची गाडी दाखवतो. रंग चकचकीत, आतलं लेदर शाबूत आणि भाव त्याच सालच्या एमपी नंबरच्या गाडीपेक्षा चांगलाच खाली. कारण उघड आहे. दिल्ली इथून सव्वातीनशे किलोमीटरवर. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली-एनसीआरमध्ये (दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात) दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत फेरफार होत राहिले, पण तिथल्या मालकांनी धसका घेतला तो घेतलाच. नववं वर्ष लागलं की गाडी विकायला निघते आणि चंबळ ओलांडून आपल्याकडे येते.

स्वस्ताई खरी आहे, पण तो भाव डीएल पाटीच्या गाडीचा असतो. तुम्हाला हवी आहे एमपी-०७, म्हणजे ग्वाल्हेरच्या पाटीची, तुमच्या नावावरची गाडी. या दोहोंमधलं अंतर किती रुपयांचं आणि किती फेऱ्यांचं, हे इसार देण्याआधी कळायला हवं.

कोण घेऊ शकतं

पात्रतेचं फारसं काही नाही. सज्ञान व्यक्ती, फर्म, कंपनी, ट्रस्ट, कुणाच्याही नावावर गाडी होते. ग्वाल्हेरचा नंबर हवा तर राहण्याचा किंवा व्यवसायाचा पत्ता इथल्या आरटीओच्या हद्दीतला लागतो. पॅन हवं, नसेल तर त्याऐवजीचं घोषणापत्र. नावावर करून घ्यायला लायसन्स लागत नाही; चालवायला हलक्या मोटारीचं (एलएमव्ही) साधं पुरतं, फोर-बाय-फोरसाठी वेगळं काही नाही.

खरी पात्रता तपासायची ती गाडीची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची फॉर्च्युनर घेतलीत तर आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत २०२७ मध्ये संपते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, फिटनेस करून घेऊन पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून याची फी साध्या चारचाकीला ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. गाडी वीस वर्षांपलीकडे गेली, तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात. म्हणून महागड्या गाडीच्या आरसीवर ती इथे जोडलेली आहे की तयार बाहेरून आणलेली, हे वाचा. आयात केलेली जुनी टोयोटा प्राडो 'मातीमोल भावात' मिळते म्हणणाऱ्यांनी हा रकाना पाहिलेला नसतो.

नंबर कुठला, त्यावर अर्ज कुठला

गाडी मध्य प्रदेशातलीच असेल तर काम सोपं. विकणाऱ्याने फॉर्म २९ (मालकी बदलल्याची सूचना) द्यायचा आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० (मालकी-बदलाचा अर्ज). मोटार वाहन कायद्याचं कलम ५० विकणाऱ्याला १४ दिवस देतं, घेणाऱ्याला ३०. एमपीत आजीवन कर एकदाच भरलेला असतो, तो गाडीबरोबर येतो.

इथे ग्वाल्हेर व्यापार मेळ्याची एक गंमत आहे. १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेल्या आपल्या मेळ्यात, ज्या वर्षी सरकार जाहीर करील त्या वर्षी, नव्या गाडीच्या करात ५० टक्के सूट मिळते. अट ही की गाडी ग्वाल्हेर आरटीओतच नोंदवायची. कर किमतीच्या टक्केवारीत, म्हणजे गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी. त्यामुळे इंदूर-भोपाळची माणसंही महागडी गाडी घ्यायला हिवाळ्यात इथे येतात. तेव्हा 'एमपी-०७ आहे, म्हणजे आपल्याच गावात फिरलेली' असं समजू नका. सर्व्हिस कुठे झाली, ते विचारा.

परराज्यातली गाडी असेल तर सुरुवात त्या राज्यात होते. विकणाऱ्याने आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, म्हणजे एनओसी, आणायची, तीही 'ग्वाल्हेर' असं आमच्या आरटीओचं नाव लिहिलेली. कायदा म्हणतो, अर्जानंतर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानावं. पण अशी 'मानीव' एनओसी खिडकीवर दाखवून कुणाचं काम झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. कागद हातात पडल्यावर इथे फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबरासाठी फॉर्म २७. गाडी दाखवायला न्यावी लागते. मग मध्य प्रदेशचा कर भरायचा, तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. मूळ किंमत तीस-पस्तीस लाख असेल तर हा आकडा किरकोळ नसतो. भाव ठरवण्याआधी आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा, कराचा आकडा काढून घ्या, आणि एवढ्या जुन्या डिझेलला इथला नंबर मिळतो आहे ना, हेही तिथेच विचारा. मूळ राज्यातला उरलेला कर परत मागता येतो, पण तो अर्ज वेगळा आणि नियम त्या राज्याचे. त्या पैशांवर भिस्त ठेवून बजेट आखू नका.

'डीएल नंबरावरच चालवा, कोण बघतंय' हा सल्ला फुकट मिळतो. कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. आणि ज्यांचं दिल्लीला येणं-जाणं आहे त्यांच्यासाठी आणखी एक: एमपी पाटी लागली म्हणून जुन्या डिझेलचं वय कमी होत नाही. मथुरा सोडून होडल आलं की एनसीआर सुरू. निघण्याआधी त्या दिवसाचा नियम पाहून घ्या.

कागद

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचं पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. केंद्रीय नियमांत मालकी-बदलाची फी नव्या नोंदणीच्या फीच्या निम्मी आहे. राज्याचे आणि कार्डाचे पैसे वेगळे.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरतात. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक घातले की ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. जुन्या गाड्यांचं घोडं इथेच अडतं. तो मोबाइल कधी काळच्या एजंटाचा निघतो, नाहीतर बंद पडलेला. म्हणून सौदा होण्याआधी विकणाऱ्यासमोर बसून पोर्टल उघडा आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येतो का, ते बघा. येत नसेल तर आधी त्याने आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्यावा, मग पैशांचं बोलू.

त्याच बैठकीत चार गोष्टी पाहून होतात. थकलेले ई-चलान. आरसीवर फायनान्सरचं नाव. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पुढे जायचं नाही, 'कर्ज फिटलंय, कागद येतोय' यावर तर नाहीच. ब्लॅकलिस्टचा शेरा. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या 'वाहन समन्वय' सेवेत गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना. मालक वारला असेल तर रस्ता निराळा: वारसाने फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करायची, मग तुम्हाला विकायची. मुलाने वडिलांची सही ठोकलेला फॉर्म २९ घेऊ नका.

पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या, एजंटावर सोडू नका. शिडीसारख्या लोखंडी फ्रेमवर बांधलेल्या गाडीत नंबर बहुधा पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर ठोकलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, मोबाइलचा टॉर्च आत धरायचा, रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसायचा आणि खडू घासायचा. अंक पांढरे उठतात. मग त्यावर पातळ कागद दाबून पेन्सिल आडवी फिरवायची. सतरा अक्षरं एका ओळीत, एकाच उंचीची, एकाच दाबाची यायला हवीत. मधलं एखादं किंचित वर चढलेलं, किंवा आजूबाजूच्या पत्र्यावर ग्राइंडरची चमक दिसली, तर चहा पिऊन घरी या.

यार्डातून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं. मालकाने फॉर्म २९सी ने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवलं की तो 'मानीव मालक' ठरतो आणि एनओसी-ट्रान्सफरचे अर्जही करू शकतो. जीएसटी १८ टक्के लागतो, पण डीलरच्या नफ्यावर. पूर्ण किमतीवर लावून मागत असेल तर हिशेब लिहून मागा. घरगुती माणसाकडून घेतली तर जीएसटी नाही. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याला मान्य नाही.

गाडी कुठली

आधी स्वतःला विचारा, फोर-बाय-फोर कशासाठी. डबरा गावाकडे शेती आहे, पावसाळ्यात काळ्या मातीतून बांधापर्यंत जायचं आहे, बिहडात (चंबळच्या घळींत) किंवा तिघरा धरणाच्या काठाने उतरायचं आहे, तर लो रेंज असलेली गाडी हवी. शहरातल्या शहरात बाड्यापासून सिटी सेंटरपर्यंत आणि वर्षातून दोनदा शिवपुरीला जायचं असेल, तर टू-व्हील गाडी घ्या आणि उरलेल्या पैशांत टायर बदला. हे ऐकून माझ्यावर रुसणारे नातेवाईक आहेत.

लो रेंज म्हणजे चाकाचा वेग कमी करून जोर वाढवणारा वेगळा गिअर. जुन्या आणि नव्या फॉर्च्युनरच्या फोर-बाय-फोरमध्ये तो आहे, एंडेव्हर ३.२ मध्ये आहे. बीएमडब्ल्यू एक्स-थ्री, ऑडी क्यू-फाइव्ह, रेंज रोव्हर इव्होक या गाड्यांची चारही चाकं ओढतात, पण लो रेंज नाही. ओल्या घाटात त्या उत्तम, बिहडात नाहीत. मागे लावायचं '४x४'चं स्टिकर बाजारात मिळतं, म्हणून केबिनमधला लिव्हर किंवा गोल बटण बघा, आरसीवरचा व्हेरियंट बघा, आणि खाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट बघा. चाचणी मातीत घ्या. पार्ट-टाइम पद्धतीच्या (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडणाऱ्या) गाडीला कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये टाकून वळवलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. मऊ जमिनीवर ४एच (चारही चाकं, नेहमीचा गिअर), मग थांबून ४एल (चारही चाकं, लो रेंज). डॅशबोर्डवरचा ४x४चा दिवा लुकलुकतच राहिला, तर तो खर्च भावातून वजा करा.

चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत का? सगळी चाकं सतत ओढणाऱ्या गाडीत दोन नवे, दोन गुळगुळीत टायर म्हणजे ट्रान्सफर केसची हळूहळू कत्तल. एअर सस्पेन्शनची (हवेच्या फुग्यांवर तोललेली) गाडी रात्री उभी करून सकाळी बघा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर सोडून द्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, म्हणून एंडेव्हर स्वस्त पडते. तुमचा मेकॅनिक तिचं काम करतो का, ते त्यालाच विचारून घ्या.

नावावर होईपर्यंत

माझ्या काकांनी शहराच्या लष्कर भागातल्या एका ओळखीच्या माणसाला गाडी विकली, स्टॅम्प पेपरवर, फॉर्म २९-३० वर सह्या करून. त्याने ते फॉर्म खणात ठेवले. दीड वर्षाने अपघाताच्या दाव्याची नोटीस चिटणीस की गोठ या मोहल्ल्यातल्या घरी आली, काकांच्या नावाने. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईला तोच जबाबदार. म्हणून आपली आधीची गाडी विकून ही घेत असाल, तर तिची ट्रान्सफरची पावती हाती येईपर्यंत नवीचं बघू नका.

विम्याचा थर्ड-पार्टी भाग गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज करा. नो-क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो त्याच्याकडेच राहतो. पॉलिसीवर ५० टक्के सूट बघून पुढच्या वर्षीचा हप्ता मोजू नका. १,५०० सीसीवरच्या खासगी गाडीला नुसत्या थर्ड-पार्टीचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रुपये आहे. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, तुमचा वेगळा काढा.

नवी आरसी आली की दिवाळीच्या फराळासारखी कपाटात ठेवू नका. चेसिस आणि इंजिन नंबर पेन्सिल प्रिंटशी अक्षरागणिक जुळवा. इंग्रजी 'B'च्या जागी ८ पडला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या, म्हणजे पुढच्या विकणाऱ्याच्या जागी तुम्ही असाल तेव्हा पोर्टल तुमच्यावर अडणार नाही.