रेशनकार्ड घराला एक, आयुष्मान कार्ड माणशी एक: लेकरांचं नाव नेमकं इथेच राहतं

रेशनकार्ड काय असतं ते कोणाला समजावत बसत नाही. पिवळं, केशरी, पांढरं, घराला एक, त्यात सगळ्यांची नावं, घरातलं कोणीही एक जण दुकानात गेलं तरी अख्ख्या घराचं धान्य येतं. एवढं सगळ्यांना पाठ आहे.

घोळ पुढे आहे. आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारी योजनेतून हॉस्पिटलमध्ये फुकट उपचार मिळवून देणारं कार्ड, तेही असंच असणार असं लोक धरून चालतात. अंगणवाडीत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे तेच वाक्य ऐकू येतं, "आमच्याकडे कार्ड आहे, ह्यांचं काढलंय." आणि पोराचं? "ह्यांच्यावरच होईल ना." नाही होत. बापाचं कार्ड बापालाच लागू, आईचं आईला, आणि तीन वर्षांच्या पोरीलाही तिचं स्वतःचं कार्ड लागतं, तिच्या नावाचं, तिच्या आधारला जोडलेलं. मोठी माणसं कॅम्पमध्ये रांग लावून आपापली कार्डं काढून घेतात आणि पोरं घरी खेळत राहतात, कारण सेंटरवाला विचारत नाही आणि आईबापाला वाटतं झालं काम. माझा सगळा राग ह्या एका गोष्टीवर आहे म्हणून ती नीट फोड करून सांगतो, बाकीचं भराभर उरकू.

तर बघा, ह्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या जातात. विमा कोणाचा आहे ही एक, आणि समोर आलेला पेशंट कोण हे कसं पटवायचं ही दुसरी. विमा घराचा आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, ते अख्ख्या कुटुंबाला मिळून, मग घरात तीन माणसं असोत नाहीतर अकरा. पण हॉस्पिटलमध्ये अॅडमिट घर होत नाही, माणूस होतो. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघायला हॉस्पिटलात बसवलेला माणूस, कॉम्प्युटरवर त्या पेशंटचं नाव शोधतो, पेशंटचं आधार बघतो, फोटो घेतो आणि मग मंजुरीला पाठवतो. बापाचं कार्ड पुढे केलं तर स्क्रीनवर बापाचं नाव, बापाचं वय, बापाचा फोटो येणार आणि कॉटवर झोपलंय चार वर्षांचं लेकरू. त्याचं ऑपरेशन बापाच्या नावावर टाकता येत नाही आणि येऊही नये.

हाच घोळ उलट्या बाजूनेही होतो. घरात चार कार्डं निघाली की "चार गुणिले पाच, वीस लाख" असा हिशोब मांडणारे भेटतात. तसं नाही. कार्डं चार असली तरी रक्कम एकच, ५ लाख, घरातला जो आजारी पडेल त्याच्यासाठी त्यातूनच वजा होत जाणार. एकाच रेशनकार्डावर आजी-आजोबा, काका-काकू, पोरं सगळे असतील तर काकांच्या बायपासला गेलेले पैसे त्याच ५ लाखातून गेले, आणि त्याच वर्षी पोराचं काही मोठं निघालं तर त्याला उरलेलेच मिळणार. अजून काढलं नसेल तर घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांचं वय वंदना कार्ड तेवढं काढून घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं आणि त्यात वयस्कर माणसांना वेगळे ५ लाख आहेत, म्हणजे आजीच्या गुडघ्याचा खर्च नातवाच्या वाट्यातून जात नाही.

कार्डं वाढवून पैसे वाढत नाहीत मग पोराचं कशाला काढायचं, असं कोणी म्हणेल. पैसे वाढवण्यासाठी नाहीच काढायचं. जे पैसे घराचे आहेतच ते त्या पोरासाठी वापरता यावेत म्हणून काढायचं. आणि पोराचं नाव आपोआप येईल ह्या भरवशावर राहू नका, कारण आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली तेव्हा तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून घेतली होती, नंतर त्यात रेशनकार्डावरची घरं आली. २०११ नंतर जन्मलेलं मूल त्या जुन्या यादीत असणारच कसं? घर यादीत असतं, पोर नसतं. ते कुटुंबात सदस्य म्हणून वेगळं जोडावं लागतं, आणि ते जोडण्यासाठी कोणी तुमच्या दारात येईलच असं नाही.

आता किरकोळ फरक. केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना ह्यांच्यात काय फरक ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात, त्यात महाराष्ट्रातल्या घराला फारसा अर्थ उरलेला नाही. आधीची राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर गेली, २०१७ ला तिचं नाव महात्मा फुले झालं, २०२० पासून ती आयुष्मानबरोबर एकत्र चालते, आणि जुलै २०२४ पासून राज्याच्या योजनेतही दीड लाखाऐवजी ५ लाख मिळतात आणि पांढरं कार्डवालेही आत आलेत. हॉस्पिटलात टेबल एकच, आरोग्यमित्र एकच. लक्षात ठेवण्यासारखा फरक एवढाच की राज्याची योजना राज्याची आहे, आणि केंद्राच्या यादीतल्या घराला आयुष्मान कार्डावर दुसऱ्या राज्यातही योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये उपचार मिळतात. बीडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास लेकरं घेऊन निघतात, काही थेट कर्नाटकात जातात, त्यांच्या पोरांची कार्डं गाडी निघायच्या आत हातात असायला हवीत. तिकडच्या दवाखान्यात आपल्या गावचं केशरी रेशनकार्ड दाखवून भागणार नाही.

आणि आभा कार्ड! हे एक वेगळंच दुखणं होऊन बसलंय. शाळेत, कॅम्पमध्ये चौदा आकडी आभा नंबर काढून देतात, त्यावरही आयुष्मान भारत लिहिलेलं असतं आणि आई समजते पोराचा विमा झाला. आभा म्हणजे फक्त आरोग्याच्या नोंदी ठेवायचा नंबर, तो कोणीही काढू शकतं, श्रीमंतही, त्यावर एका रुपयाचा उपचार मिळत नाही. काढला तर बिघडत काही नाही पण तो दाखवून "झालं आमचं" म्हणू नका. जे कॅम्पवाले हे आईबापांना स्पष्ट सांगत नाहीत त्यांनी खरंच सांगायला सुरुवात करावी, एका वाक्याचं काम आहे.

बरं, पोराचं कार्ड काढायचं कसं. कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला की हेलपाटे सुरू. आधी जन्मदाखला, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं व्हायचं असतं म्हणून नावाशिवाय नोंद होते आणि दाखला तसाच पडून राहतो, तर वर्षाच्या आत नाव घालून घ्या, फी लागत नाही. मग बाल आधार, निळ्या रंगाचं, मग रेशनकार्डात नाव, मग आयुष्मान.

बाल आधारला एक गोष्ट जपा. पाच वर्षांखालच्या पोराचे बोटांचे ठसे आधारमध्ये घेतच नाहीत. म्हणजे पुढे आयुष्मानचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करताना अंगठा लावून काम होणार नाही, ओटीपी हाच सरळ रस्ता उरतो, आणि ओटीपी त्याच नंबरवर येणार जो बाल आधारला दिलाय. बहुतेक घरांत तो नंबर त्या वेळी सोबत आलेल्या मामाचा नाहीतर बंद पडलेल्या सिमचा असतो. आईचा किंवा बापाचा, चालू, रिचार्ज केलेला नंबर द्या.

रेशनकार्डाचंही तसंच. दुकानदाराने किंवा कोणी पेनाने पोराचं नाव कार्डावर लिहून दिलं म्हणजे ते चढलं असं नाही. ते ऑनलाइन, तुमच्या बारा आकडी नंबरखाली चढलं पाहिजे, ते तहसीलच्या पुरवठा शाखेतून होतं. कागदावर चार नावं आणि ऑनलाइन तीन, असं कितीतरी घरांत आहे. कोणाला तरी मोबाइलवर काढून दाखवायला सांगा आणि पोराचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. स्पेलिंगही बघा, वेदांतच्या शेवटी आधारवर नुसता टी आणि रेशनला टीएच असं झालं की जुळणी कमी येते आणि अर्ज मंजुरीसाठी अडकून पडतो. जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग पक्कं धरा आणि पुढे सगळीकडे तेच घाला, शाळेतसुद्धा.

ह्यानंतर आयुष्मानचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे, अॅपवर स्वतः करा नाहीतर आपले सरकार केंद्रात जा, आशाताईंना विचारा. आधी कुटुंबात पोराचं नाव शोधायचं, नसेल तर सदस्य जोडायचा. कार्डाला पैसे लागत नाहीत. आमच्या इकडे एका सेंटरवर माणशी पैसे घेत होते आणि लोक पैसे वाचवायला पोरांची कार्डं सोडून देत होते, हे मला अजिबात सहन होत नाही. कोणी पैसे मागितले तर आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर, फोन करा.

एकदा काढलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. पोर पाच वर्षांचं झालं की आधारला ठसे आणि नवा फोटो द्यावा लागतो, पंधराव्या वर्षी पुन्हा. पाचव्या वर्षीचा अपडेट सातव्या वर्षापर्यंत केला नाही तर आधार बंद पडू शकतं, आणि आधार बंद म्हणजे त्यावर उभं असलेलं सगळंच लटकलं, रेशनची ई-केवायसीही आणि हॉस्पिटलमधली ओळखही. पहिलीत नाव घालायला जाताच ना, त्याच आठवड्यात आधार सेंटरला जाऊन या.

आणि सगळ्यात जास्त पोरं सुटतात ती घर बदलताना. भाऊ वेगळे झाले, रेशनकार्ड विभक्त केलं, नव्या कार्डात नवराबायको आली आणि पोरं आजोबांच्या कार्डावरच राहिली. किंवा बाई माहेरी परत आली, तिने स्वतःचं नाव वडिलांच्या कार्डात घातलं पण पोराचं नाव अजून सासरच्या कार्डात, तिथून कमी केल्याशिवाय इकडे चढत नाही आणि सासरचे कमी करत नाहीत. अशा बाईला "सासरी जाऊन दाखला आण" म्हणून परत पाठवू नये, तिला सोबत घेऊन तहसीलला जावं, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, बचत गटातली कोणी, ज्याला तिथे बोलता येतं त्याने जावं.

आता कोणी म्हणेल, पोर आजच अॅडमिट आहे आणि कार्ड नाही, मग? तर घाबरून खाजगीत उचलून नेऊ नका आणि सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका. हॉस्पिटल योजनेत आहे का ते विचारा, आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला, असेल तर आधार, आणि आईबापाचं ओळखपत्र घेऊन जा. राज्याच्या योजनेत आयुष्मान कार्ड नसलं तरी रेशनकार्डावर काम होण्याचा रस्ता आहे, आणि अगदी तातडीचं असेल तर फोनवरून आधी मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोयही आहे, कागद मागाहून देता येतात. बाळ नुकतंच जन्मलंय आणि काचेच्या पेटीत आहे तर त्याचे कागद नसणारच, तुम्ही आईचे कागद, रेशनकार्ड आणि जन्माची नोंद घेऊन उभे राहा. तिथे कोणी "योजनेत बसत नाही" म्हटलं तर विचारा, आजार बसत नाही की कागद कमी आहे? ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कागद कमी असेल तर तो आणता येतो. आणि तोंडी उत्तरावर घरी जाऊ नका, तिथूनच राज्याच्या योजनेची हेल्पलाइन १५५३८८ लावा, पोराचं नाव, हॉस्पिटल, वॉर्ड सांगा आणि तक्रार नंबर लिहून घ्या.