कापड खोचून केलेले नाताळचे गोळे : पार्श्वभूमी

हलक्या गोळ्यावर सुरीने खाचा पाडायच्या, त्यावर कापडाचे तुकडे बसवायचे, कडा खाचेत खोचायच्या. टाका एकही घालायचा नाही. नाताळच्या झाडावर टांगायचे असे गोळे शिवणयंत्राला हात न लावता होतात, म्हणून शाळकरी मुलांपासून आजीपर्यंत कुणालाही जमण्यासारखे आहेत. कौतुक होतं ते वरच्या कापडाचं. काम मात्र बसतं किंवा फसतं ते आतल्या गोळ्यावर. या कलेचा इतिहास पाहिला तर कापड प्रत्येक वेळी हाताशी असेल ते वापरलं गेलं; आतलं द्रव्य चार वेळा बदललं आणि त्याबरोबर सगळी पद्धतच पालटली.

मूळ जपानातलं. क्योटोच्या उत्तरेला कामिगामो हे जुनं शिंतो देवस्थान आहे. तिथे सणाचं सामान ठेवण्यासाठी वाळुंजाच्या जातीच्या लाकडाच्या पेट्या करत. १७३६ ते १७४१ या वर्षांत, म्हणजे बाजीरावाने भोपाळला निजामाला कोंडलं त्याच सुमारास, देवस्थानच्या सेवेतल्या ताकाहाशी तादाशिगे याने उरलेल्या लाकडाच्या ढलप्यांतून छोट्या बाहुल्या कोरल्या आणि त्यांना पुजाऱ्यांच्या पोशाखाच्या कात्रणांनी नटवलं. बोटभर बाहुलीचे कपडे शिवणार कसे? शिवण बाहुलीपेक्षा जाड दिसते. म्हणून त्याने जिथे घडी पडायला हवी तिथे लाकडात बारीक खाच कोरली आणि कापडाची कड तीत बसवून टाकली. या पद्धतीला किमेकोमी म्हणतात. नाताळच्या गोळ्यावर आज जे होतं ते हेच, फक्त बाहुलीच्या जागी गोळा आला.

लाकूड कडक असतं, दबत नाही, त्यामुळे खोचलेलं कापड नुसतं धरून ठेवत नाही. म्हणून खाचेत आधी चिकट तांदळाच्या पिठाची खळ भरायची, मग कड आत ढकलायची, ही रीत. बोथट पात्याची छोटी पट्टी वापरायची, कारण धारदार पातं कापडाचे धागे तोडतं. ही रीत अजून तशीच चालू आहे. पुढे टोकियोत आतलं अंग बदललं. प्रत्येक बाहुली कोरत बसण्याऐवजी किरी नावाच्या हलक्या लाकडाचा भुसा गव्हाच्या खळीत मळून साच्यात दाबू लागले. वाळल्यावर त्यात खाचा पाडायच्या. एका साच्यातून कितीही बाहुल्या निघत, त्यामुळे देवस्थानापुरती असलेली कला धंद्यात आली. टोकियोच्या या बाहुलीकामाला जपान सरकारने १९७८ साली पारंपरिक कलेचा अधिकृत दर्जा दिला.

नाताळच्या झाडाची कहाणी दुसऱ्या टोकाची. स्ट्रासबुर्गमधल्या १६०५च्या एका नोंदीत झाडाला कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेचे पदार्थ लावल्याचा उल्लेख येतो. सजावट तेव्हा खाण्याची किंवा कागदाची होती. काचेचे गोळे आले जर्मनीतल्या लाउशा गावातून. हे काचवाल्यांचं गाव, भट्टी १५९७ची. सुरुवातीचे गोळे जाड आणि जड असत. १८६७ साली गावात गॅस तयार होऊ लागला, ज्योत हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली, आणि कागदासारखी पातळ काच फुंकणं सोपं झालं. १८८०च्या दशकात वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने हा माल मागवायला सुरुवात केली आणि घरोघरी पोचवला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीतून माल येणं बंद होणार हे दिसू लागलं, तेव्हा १९३९ साली कॉर्निंग कंपनीने विजेचे बल्ब करायच्या यंत्रावरच हे गोळे काढले. मग चांदीचा मुलामा द्यायला चांदी मिळेना, तर मुलाम्याविना साध्या काचेचे गोळे रंगाचे पट्टे ओढून विकले गेले.

कापडाच्या गोळ्यांना खरी वाट मिळाली ती याच काळात प्रयोगशाळेत झालेल्या एका कामामुळे. १९४०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत डाऊ केमिकलमध्ये रे मॅकिंटायर यांनी पॉलिस्टायरीनचा फुगवलेला फेस तयार केला. कार्ल मुंटर्स या स्वीडिश संशोधकाने तशीच प्रक्रिया आधीच शोधली होती; डाऊने त्याचे हक्क घेतले. पहिला उपयोग लष्करी होता, तराफे तरंगवायला. १९४९ साली जर्मनीत बीएएसएफच्या फ्रित्स श्टास्टनी यांनी दुसरा मार्ग काढला : बारीक दाणे वाफेने फुगवायचे आणि साच्यात एकमेकांना चिकटवायचे. आपल्याकडे गणपतीच्या मखरापासून टीव्हीच्या खोक्यापर्यंत जे थर्माकोल दिसतं ते हे दुसऱ्या जातीचं, दाण्यांचं. फरक लहान वाटतो, पण सुरी फिरवताना कळतो. डाऊचा फेस एकजीव असतो, दाण्यांच्या थर्माकोलात पातं बोथट असेल तर दाणे न कापता उपटून निघतात आणि खाचेच्या जागी खड्डा पडतो. परदेशी सूचना वाचून केलेलं काम इथे फसतं त्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

फेसाने खळीची गरज संपवली. त्यातल्या हवेच्या पेशी कापड आत जाताना दबतात आणि पट्टी काढताच परत फुलू पाहतात. तोच दाब कापड धरून ठेवतो. बाहुली शिकायला वर्षं लागत, गोळा दीड-दोन तासांत होऊ लागला. महायुद्धानंतर जपानी बाहुलीकामाचे तयार संच अमेरिकेत पोचले होते, गोधड्या करणाऱ्या बायकांकडे कात्रणांचा ढीग होताच. दोन्ही गोष्टी फेसाच्या गोळ्यावर एकत्र आल्या.

या गोळ्याची एक चुलत बहीण आहे आणि दोघींची सर्रास गल्लत होते. तिच्यात खाचा नसतात. अडीच इंचाचे चौकोन त्रिकोणी दुमडून, मधोमध टोकं जुळवून, टाचण्यांनी गोळ्यावर एकाखाली एक फेरे लावतात, की चांदणी दिसते. तीन इंची गोळ्याला प्रत्येक बाजूला ४, ८, ८ असे तुकडे धरले तर दोन्ही बाजूंचे ४० होतात आणि टाचण्या शंभरावर जातात. सुंदर दिसते, पण जड होते, आणि लहान मूल असलेल्या घरात शंभर टाचण्यांचा गोळा खालच्या फांदीवर लावू नये. खोचकाम आधी शिकावं.

आता आपल्या इंदुराकडे वळू. इथे नाताळ आला तो छावणी आणि रेसिडेन्सीच्या वाटेने. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांच्या राज्यात इंग्रजांचा रेसिडेंट बसला, महूला फौज आली. १८७७ साली कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन शहरात आलं. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७चं. कापडाचं तर विचारायलाच नको. गिरण्यांचं हे शहर होतं. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, मालवा मिल आता चौराह्याच्या नावापुरती उरली, पण तुकोजीरावांच्या नावाचं क्लॉथ मार्केट आणि सीतलामाता बाजार अजून कापडावरच उभे आहेत. तासाभराच्या अंतरापलीकडे एका बाजूला अहिल्याबाईंनी विणकर वसवलेलं महेश्वर, दुसरीकडे धार जिल्ह्यातलं बाघचं छापकाम. साडीचा काठ, पोलक्याचा उरलेला तुकडा, शिंप्याकडची कात्रणं यांतून या कामाला लागेल तेवढं कापड सहज निघतं.

पण प्रत्येक कापड सारखं खोचलं जात नाही. सगळ्यात सरळ चालतं ते पॉपलीन. बाघचं सुती कापड थोडं जाड, तरी चांगलं, कारण अनेक वेळा धुतल्यामुळे त्यातली खळ गेलेली असते आणि ते गोळ्यावर नीट झोपतं. महेश्वरी आणि चंदेरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुती. कापलं की रेशमाचे गुळगुळीत धागे निसटतात आणि कड खाचेत जाण्याआधीच उसवते. त्यावर उपाय म्हणजे कापण्याआधी मागून पातळ मलमल खळीने डकवायची. चंदेरीला ती तशीही लागते, नाहीतर आतले पांढरे दाणे दिसतात. जरीचा जाड काठ खोचायच्या भानगडीत पडू नये; तो खाचेवर पट्टी म्हणून वरून लावावा.

तीन इंची गोळ्याचा हिशेब असा. घेर सुमारे २४ सेंमी, म्हणजे आठ पाकळ्या केल्या तर मध्यावर प्रत्येकी ३ सेंमी रुंदी आणि टोकापासून टोकापर्यंत १२ सेंमी लांबी. दोन्ही बाजूंना ६ मिमी खोचायला धरून तुकडा ४.२ सेंमी रुंद आणि सव्वातेरा सेंमी लांब, दोन्हीकडे निमुळता, आंब्याच्या पानासारखा कापायचा. कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, घ्यावं. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेला तुकडा गोलाईवर दोन्ही कडांना चुण्या धरतो, उरेब तुकडा ताणून बसतो. उरेब आठ तुकड्यांना साधारण ३५ सेंमीचा चौरस लागतो. सहा पाकळ्यांवर मखमल किंवा होजियरी निभते, पॉपलीन नाही. चार पाकळ्या केल्या तर चुण्या पडणारच.

खाचांच्या रेघा आखायला कागदाची २४ सेंमीची पट्टी आठ घड्या घालून मध्यावर गुंडाळायची, दोन्ही टोकांना टाचणी रोवायची आणि रबरबँड या टोकावरून त्या टोकावर नेऊन त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची. बॉलपेनची शाई फिक्या कापडातून वर येते. पात्याचा कटर नवाच घ्यावा, दर दोन-तीन खाचांनी त्यावर मेणबत्ती घासावी. पातं उभं धरून, ओढत, एकाच दमात ६-७ मिमी खोल जायचं. करवतीसारखं पुढेमागे केलं की दाणे उडतात. आठच्या आठ खाचा टोकापर्यंत नेऊ नयेत. तिथे आठ रेघा एकत्र आल्या की मधला भाग चुरा होऊन निघतो आणि गोळ्याच्या डोक्यावर भोक पडतं. चार खाचा टोकापर्यंत, मधल्या चार टोकाच्या ८ मिमी आधी थांबवायच्या. उरलेली जागा नंतर फितीच्या फुलाखाली जाते.

खोचताना मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं. नखं घासायची धातूची पट्टी यासाठी उत्तम, तिचं टोक बोथट असतं. एका खाचेत शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा जातात हे विसरून कापड जास्त ठेवलं, तर खाच उघडी पडते आणि गोळा फुटल्यासारखा दिसतो. पहिली बाजू खोचून झाली की उरलेलं कापड ५ मिमीवर छाटून मगच दुसरी. खाच ढिली झालीच तर फेविकॉलचा एक धागा पुरतो. रबराचा वास येणारे चिकट पदार्थ आणि स्प्रे रंग थर्माकोल विरघळवतात, तापलेली ग्लूगन ते वितळवते. टांगायची दोरी नुसत्या टाचणीवर ठेवू नये; हेअरपिनीसारखी वाकवलेली तार फेविकॉलमध्ये बुडवून तीन सेंमी आत रोवली की गोळा सुटत नाही.

आता चौथा बदल. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे. बाजारात ते दिसतं म्हणून नियम बदलत नाही. इंदूरसारख्या, सफाईत देशात सारखं पहिलं येणाऱ्या शहरात तर हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

कागदाचा लगदा हा पहिला पर्याय. वर्तमानपत्राचा घट्ट बोळा दोऱ्याने बांधायचा आणि त्यावर मैद्याच्या खळीत मळलेल्या लगद्याचा एक सेंमीचा थर द्यायचा. लगदा वाळला की दगड होतो, कटर चालत नाही. म्हणून खाचा ओल्यातच, पोलादी पट्टीच्या कडेने ५ मिमी खोल दाबून काढायच्या, आणि गोळा सावलीत वाळवायचा. उन्हात वरचा थर आधी आक्रसून तडकतो. अशा खाचेला फेसासारखी पकड नसते, त्यामुळे जपानी रीतीप्रमाणे खळ परत आली. खळीला कसर लागू नये म्हणून जिल्दसाज मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि फिक्या कापडावर निळसर डाग देतं, तेव्हा मुलांच्या हाती जाणाऱ्या गोळ्यात ते घालू नये. वजनही पाहावं : थर्माकोलचा तीन इंची गोळा चार-पाच ग्रॅमचा, लगद्याचा त्याच्या दहापटीहून जड. प्लास्टिकच्या झाडाच्या टोकाच्या फांद्या त्याने वाकतात, म्हणून गोळा दोन इंची करावा आणि सहा पाकळ्यांवर भागवावं.

दुसरा पर्याय लाकडाचा. नर्मदेकाठच्या बुधनीला दुधीच्या लाकडाची कातलेली खेळणी होतात. लाखेचा रंग न चढवलेला असा गोळा मिळाला तर उत्तम, कारण लाखेवर खळ धरत नाही. खाच कोरणीने २-३ मिमीच काढायची, खोचायला ४ मिमीच कापड ठेवायचं, आणि मखमल विसरून जायचं. दोन तासांचं काम दिवसभराचं होतं, पण गोळा वर्षानुवर्षं चालतो.

ज्यांच्याकडे जुने थर्माकोलचे गोळे आहेत त्यांनी ते फेकू नयेत, दरवर्षी वापरावेत. फक्त कपाटात ठेवताना कापड आहे म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेने थर्माकोल मऊ पडून बसतं, कापड सैल होतं, आणि डिसेंबरात डबा उघडला की गोळ्याला खळगे पडलेले दिसतात. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब ठेवावा.