फॅन नसलेल्या शेडमधली गरम हवा बाहेर कशी पडते

कारखान्याच्या शेडमध्ये उकडायला लागलं की सगळ्यांची नजर आधी छताकडे जाते, वर अजून एखादा टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरणारा छतावरचा गोल पंखा) बसवा, रिज व्हेंट (छताच्या माथ्यावरची हवा जायची लांब फट) मोठा करा वगैरे. माझं म्हणणं आहे की आधी खाली बघा, कारण वरून हवा जायची असेल तर तेवढीच खालून आत यायला लागते आणि बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

यामागचं काम गुरुत्वाकर्षण करतं. 30 अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा साधारण 1165 ग्रॅम भरते, 40 अंशाची 1127 ग्रॅम. म्हणजे फरक चाळीस ग्रॅमसुद्धा नाही. पण शेडमध्ये दहा मीटर उंचीचा गरम हवेचा खांब उभा असला आणि बाहेर तेवढाच थंड हवेचा, तर बाहेरचा जड पडतो, तो खालच्या झरोक्यातून आत ढकलला जातो आणि आतली हलकी हवा कौलाजवळच्या, म्हणजे पत्र्याच्या माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. हा दाब किती तर जेमतेम पावणेचार पास्कल, हाताला कळणारही नाही इतका. तरी खाली 10 चौरस मीटर आणि वर 10 चौरस मीटर उघडं असेल तर सेकंदाला दहा घनमीटरच्या आसपास हवा फिरते आणि ती जवळपास 120 किलोवॅट उष्णता बाहेर नेते, विजेचं बिल शून्य!

आता खालची शटर बंद करा, मटेरियलचे ढीग लावून झरोके झाका आणि फक्त 2 चौरस मीटर शिल्लक ठेवा. तापमानाचा फरक तोच धरला तर हवा दहावरून तीन घनमीटरवर येते. मग छतावरची जागा दुप्पट केली तरी दोन टक्केसुद्धा वाढत नाही, पैसे खर्च झाले ते झाले. भट्टी मात्र तेवढीच उष्णता ओतत असते, त्यामुळे आतलं तापमान चढत जातं.

उंचीचं गणित वर्गमुळाचं आहे, उंची दुप्पट केली तर हवा 1.4 पट, दुप्पट नाही. तापमानाच्या फरकाचंही तसंच, पण त्यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे मशीनं जास्त तापली की ओढही आपोआप वाढते, कुणी बटण दाबावं लागत नाही.

मधे कुठेतरी एक पातळी असते जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, तिथे खिडकी असली तरी हवा ना आत येते ना बाहेर जाते. वारा पडलेला असताना पातळ कागदाची पट्टी वेगवेगळ्या उंचीच्या खिडक्यांपाशी धरा. खाली ती आत झुकेल, वर बाहेर, आणि या पातळीवर नुसती लोंबत राहील.

मर्यादाही आहेत. या पद्धतीने आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही. वारा आडवा आला तर वाऱ्याच्या बाजूच्या वरच्या फटीतून हवा उलटी आत शिरते, म्हणून रिज व्हेंटला दोन्ही बाजूंनी आडोशाचे पत्रे लावतात. आणि वेल्डिंगचा धूर, बारीक धूळ किंवा रसायनांची वाफ असेल तर यावर विसंबून राहू नका, ती जिथे निघते तिथूनच हूड, म्हणजे पंख्याला जोडलेलं तोंड, लावून ओढून घ्यावी लागते, नाहीतर वर जाता जाता माणसाच्या नाकातोंडातून जाते.