पार्श्वभूमी : रॉस्को कॉन्कलिंग आणि ‘व्यक्ती’ ठरलेल्या कंपन्या

निवडणूक काळात कंपन्या करत असलेल्या स्वतंत्र (उमेदवाराशी न ठरवता केलेल्या) खर्चावरची बंधने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उठवली आणि कंपनीला माणसाचे हक्क दिले कुणी, हा वाद पुन्हा पेटला. खरे तर तो खटला भाषणस्वातंत्र्याचा होता, ‘व्यक्ती’ला कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा नव्हे. तरीही या वादात न्यूयॉर्कचा वकील रॉस्को कॉन्कलिंग याचे नाव हमखास निघते.

१८६७ पासून सिनेटर असलेल्या कॉन्कलिंगचा पक्षात दरारा होता. न्यूयॉर्क बंदराच्या जकातप्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांनी त्याचा विरोधक नेमला, म्हणून १८८१ मध्ये त्याने तडकाफडकी राजीनामा दिला. राज्याचे विधिमंडळ आपल्याला पुन्हा निवडून पाठवेल, हा हिशेब साफ चुकला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद चालून आले, सिनेटची मंजुरीही मिळाली. ते त्याने नाकारले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच न्यायालयापुढे तो रेल्वे कंपनीचा वकील म्हणून उभा राहिला.

खटला कॅलिफोर्नियातल्या करआकारणीचा होता. सामान्य मालकाला मालमत्तेच्या किमतीतून गहाणकर्ज वजा करता येई, रेल्वेला नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीचे समान संरक्षण ‘व्यक्ती’ला असल्याने कंपनी व्यक्ती ठरणे रेल्वेच्या फायद्याचे होते. १८६६ मध्ये दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्या पंधरा जणांच्या समितीत कॉन्कलिंग स्वतः होता. तोवर प्रसिद्ध न झालेले समितीचे इतिवृत्त त्याने न्यायालयात काढले. मसुद्यात ‘नागरिक’च्या जागी ‘व्यक्ती’ आले आणि त्या काळी जाचक करांविरुद्ध कंपन्याही दाद मागत होत्या, असे त्याने सुचवले. ‘कंपन्यांसाठीच शब्द बदलला’ असे मात्र तो कुठेही थेट बोलला नाही. मुरलेला वकीलच तो!

मुळात त्या इतिवृत्तात आहेत ठराव, दुरुस्त्या आणि मते. चर्चा नोंदलेलीच नाही. १९३८ मध्ये एका अभ्यासकाने ताळा घेतला, तेव्हा कॉन्कलिंगची अवतरणेही तंतोतंत नसल्याचे दिसले. त्याने जाणूनबुजून दिशाभूल केली का, यावर एकमत नाही. ही घटनादुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी आली होती, हे पाहता संशयाचा फायदा त्याला देणे जड जाते.

तो खटला निकालाविना मिटला. १८८६ मध्ये तशाच दुसऱ्या खटल्यात सरन्यायाधीशांनी, ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू होते असेच आम्हा सर्वांचे मत आहे, त्यामुळे या मुद्द्यावर युक्तिवाद ऐकायचीच गरज नाही, असे सांगितले. निकालपत्रात यावर चर्चा नाही. ते वाक्य वृत्तांत लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने निकालाच्या आधी छापले आणि पुढचे निकाल त्यावरच उभे राहिले.

समितीत असताना कॉन्कलिंगचा खरा जोर वेगळ्याच कलमावर होता: पुरुषांचा मताधिकार डावलणाऱ्या राज्याच्या अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) जागा कमी करण्याच्या. ते कलम दुरुस्तीत आले, पण त्याखाली एकाही राज्याची जागा कधी कापली गेली नाही.