थंडी सरताना सीमाभाग कशाची वाट पाहतो

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मराठी माणसं म्हणतात. शेजारची कन्नड घरंही हेच म्हणतात. होळी पेटली की उरलीसुरली थंडीही पळते, ही पुढची पायरी. पंचांगात वसंतपंचमी मात्र यापेक्षा बरीच आधी, माघ शुद्ध पंचमीला येऊन गेलेली असते आणि तेव्हा इथल्या शिवारात पहाटे दहिवर पडत असतं. सीमाभागातली वसंताची वाट त्या एका तिथीवर कधीच अडून राहिली नाही. ती रब्बीच्या कामांबरोबर टप्प्याटप्प्याने सरकत आली, आणि त्यामागे इथली जमीन आहे.

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा घाटमाथ्याचा भाग. इथे धो धो पाऊस, तांबडी माती, भात आणि काजू. पूर्वेला गोकाक, अथणीकडे जावं तसा पाऊस झपाट्याने घटतो आणि काळी माती सुरू होते. पूर्वेचं पारंपरिक मोठं पीक म्हणजे शाळू, म्हणजेच रब्बी ज्वारी. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायचा, पुढे आभाळाकडून काही मागायचं नाही. काळ्या रानात मुरलेली ओल आणि रात्रीची थंडी यांवर तो पोसतो. परतीचा पाऊस चुकला की सगळंच चुकतं. १८७६ साली पाऊस फिरला आणि १८७८ पर्यंतच्या दुष्काळात दख्खनचा हा पट्टा होरपळला. थंडी सरून खळ्यावर धान्य पडेपर्यंत इथल्या घराला निवांतपणा का नसे, हे त्यावरून समजतं.

वाटेतला पहिला सण म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. कन्नड घरं तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. उभ्या पिकात पूजा करून, भाकरी-भाज्यांचा नैवेद्य रानभर शिंपडतात, त्याला चरग म्हणतात. मग संक्रांत. दाणा चिकात आला की हुरडा, ज्याला कन्नडमध्ये सीतनी म्हणतात. माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा, पूर्वी बैलगाड्यांनी. यातली प्रत्येक तिथी शेतातल्या एखाद्या अवस्थेला लागून येते. सुगी संपल्याशिवाय मोकळं होता येत नाही, म्हणून रंग-गाण्याचा शिमगा फाल्गुन पौर्णिमेला.

खळ्याची तयारी माघातच सुरू होई. गवत खरवडून जमीन भिजवायची, बैल फिरवून दाबायची, मग शेणाने सारवायची. मधोमध तिवडा, म्हणजे ज्याभोवती बैल फिरतात तो खांब. सारवण नीट वाळलं नसेल तर धान्यात खडे येतात. शाळू मुळासकट उपटून पेंढ्या रचायच्या, कणसं खुडून खळ्यावर पसरायची, तिवड्याभोवती बैलांची पात धरायची. उफणणीला वारा लागतो. तो पडला की तिवईवर पाटी घेऊन नुसतं उभं राहायचं. या दिवसांत ढग आले की सगळ्यांचा जीव खालीवर होतो. भिजलेला दाणा काळा पडतो, त्याला भाव मिळत नाही, आणि कडबा काळवंडला तर जनावरं त्याला तोंड लावत नाहीत.

बेळगाव शहराला लागून असलेल्या येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारात भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर आणि हरभरा करतात. दहिवर त्यांना हवं असतं, पण ढगाळ हवा आली की मावा पडतो. हरभऱ्यावरच्या दहिवरात पानांतला आंबटपणा उतरतो. पहाटे पातळ स्वच्छ धोतर पिकावरून फिरवून पिळलं की आंब मिळते. पोटदुखीवर ती जपून ठेवण्याची रीत जुनी आहे. ऊन चढल्यावर गेलं तर काही हाती लागत नाही.

घाटमाथ्याकडे वाट पाहायची ती मोहराची. आंब्याला मोहर यायला कोरडी जमीन आणि काही आठवडे थंड रात्री लागतात. नेमका मोहर फुलताना धुकं किंवा ढग आले तर तुडतुडे आणि भुरी येते, आणि एका सरीने तो गळून पडतो. काजूच्या कोवळ्या पालवीला ढेकण्या लागला की शेंडे करपतात. म्हणजे थंडी हवी, पण कोरडी हवी. फाल्गुनात पांगारा, पळस, काटेसावर फुलल्यावरच इथे ऋतू पालटला असं मानतात.

शास्त्राप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखात, पण तोवर इथे उन्हाचा चटका बसतो. याचं कारण गणितात आहे. आपला चैत्र निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, मेष संक्रांतीला बांधलेला, आणि ती आता १४ एप्रिलच्या आसपास येते. दिवस-रात्र समान होतात २०-२१ मार्चला. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही एकत्र होते. पृथ्वीचा आस संथपणे डुलतो, त्या अयनचलनामुळे दर ७२ वर्षांनी एक दिवस असं अंतर पडत गेलं. २२ मार्च १९५७ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने वर्षारंभ पुन्हा विषुवदिनाजवळ आणला, पण सण जुन्याच गणिताने राहिले. त्यात चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून होळी मार्चभर मागेपुढे होते. पेरणीला शेतकरी तिथी न धरता सूर्यनक्षत्र धरतो, ते यासाठीच.

१९५६ ला राज्याची रेषा शिवारांतून गेली, चंदगड कोल्हापुरात गेलं आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. पंचांग मात्र फुटलं नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही समाज अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने आणि शालिवाहन शक मानतात, त्यामुळे पाडवा आणि युगादी एकाच दिवशी. फरक दिसतो तो रंगात. बेळगावात धुळवडीला रंग, तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेल्या शहापुरात रंगपंचमीला.

खरा पालट पाण्याने आणला. १९७० च्या दशकात घटप्रभेवरचं हिडकल धरण झालं, कालवे पोचले आणि शाळवाच्या रानात ऊस आला. खळी कमी झाली. आता माघ-फाल्गुनात विचारलं जातं ते तोडणीची पाळी कधी येणार एवढंच. उन्हं तापू लागली की उभ्या उसाचं वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, तुरा आलेला ऊस आतून पोकळ होतो. खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, राखायचा असेल तर १५ फेब्रुवारीच्या आत तोड झालेली बरी. त्यानंतर तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना फूट कमी येते, म्हणून असं रान बहुतेक जण मोडून टाकतात. पाळी लांबली की पुढच्या वर्षाचं बियाणं, लागण सगळं नव्याने आलं.