दार उतरलं तर स्ट्रायकरला पाना लावू नका

घरी बांधलेल्या गाडीचं दार मागून खाली बसलं की आपल्याकडं पहिला पाना स्ट्रायकरला, म्हणजे चौकटीच्या खांबावर लॉक ज्यात अडकतं त्या तुकड्याला, लागतो. लातूरपासून वाळूजपर्यंत फायबरची बॉडी चढवणारे जेवढे म्हणून पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच केलं. स्ट्रायकर जरा वर सरकवला, दार लागलं, फट सरळ दिसली, की बोनेटकडं वळले. दोन महिन्यांनी ते दार आपटल्याशिवाय लागत नाही, आणि मग दोष लॉकला.

स्ट्रायकर म्हणजे घरच्या दाराचा कोयंडा. कोयंडा कडी धरतो, दाराचं वजन पेलत नाही. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळं त्यावर फार बोलत नाही. गाडीच्या लॉकला अर्धं आणि पूर्ण असे दोन टप्पे असतात. दार पूर्ण टप्प्यात बसलं पाहिजे आणि त्याची मागची कड बॉडीशी सपाट आली पाहिजे. स्ट्रायकरचं काम इथं संपलं.

दाराची जागा ठरवते ती बिजागरी. दोष नेमका कुणाचा हे पाहायचं असेल तर स्ट्रायकर पूर्ण काढून ठेवा. नुसता ढिला करून चालणार नाही. मग दार हळूच चौकटीत आणा. आता जी फट दिसते ती खरी. मागची कड खाली असेल तर चूक बिजागरीत आहे, स्ट्रायकरनं ती फक्त झाकली होती. त्याआधी दार उघडं धरून मागच्या टोकाला हातानं वर उचलून बघा. खडखडलं तर पिन झिजलीय नाहीतर बोल्ट ढिले आहेत. तसं असेल तर पुढचं सगळं नंतर.

बिजागरीचं गणित एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप नीट चालतो. समजा दार 1,000 मिमी लांब आहे आणि वरच्या-खालच्या बिजागरीत 350 मिमी अंतर आहे. खालच्या बिजागरीमागं, खांबाच्या बाजूला, 1 मिमीची पत्र्याची चकती घातली की दाराचा खालचा भाग मागं ढकलला जातो आणि मागचं टोक जवळजवळ 3 मिमी वर येतं. एका चकतीत तिप्पट! म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या कापून जवळ ठेवा. आत-बाहेरचं तिरकं चालतं: लॉकची बाजू जागेवर धरून वरची बिजागरी आत घेतली, की मागचा खालचा कोपरा बाहेर येतो. कोपरा बाहेर आला म्हणून तोच दाबत बसू नका, समोरच्या तिरक्या टोकाची बिजागरी बघा.

पण चकत्यांच्याही आधी दोन्ही पिना एका रेषेत हव्यात. माझ्या पहिल्या गाडीला वेल्डरनं बिजागऱ्या एका दमात पूर्ण वेल्ड करून दिल्या. थंड होताना वेल्ड आक्रसला, वरची बिजागरी तिरपी झाली. दार अर्ध्यापर्यंत सहज यायचं आणि तिथून स्प्रिंगसारखं परत फिरायचं. शेवटी दोन्ही बिजागऱ्या ग्राइंडरनं कापून काढल्या. आता मी पिना काढतो आणि दोन्ही बिजागऱ्यांतून एकच लांब गज ओवतो. जालन्यात सळईला तोटा नाही, पण इथं बांधकामाची पिळाची सळई चालत नाही. गुळगुळीत, सरळ ब्राइट बारच हवा. गज आत असतानाच टाके मारायचे, दार हलवून बघायचं, आणि मगच पूर्ण वेल्ड, तोही थांबत थांबत.

पहार घालून दार वर उचलण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पत्र्याच्या दारात ती खपून जाते. फायबरमध्ये बोल्टभोवती जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारख्या भेगा पडतात, आणि रंग चढल्यावरही त्या परत वर येतात. बिजागरीमागं फायबरच्या आत 3 मिमीची लोखंडी पट्टी बसवलेली असेल तर उचकटायची वेळच येत नाही.

गाडी मात्र स्वतःच्या चाकांवर, इंजिन आणि सीटसकट उभी असू द्या. जॅकवर जुळवलेलं दार चाकं जमिनीला टेकली की बदलतं, कारण चासी वाकते. फट 5 मिमी ठेवा, हार्डबोर्डच्या पट्ट्या अडकवून. आणि नवं फायबरचं दार मे महिन्याच्या उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नका. कच्चं रेझिन उन्हानं मऊ होतं आणि दार पिळतं. पिळलेलं दार कुठल्याच बिजागरीवर सरळ होत नाही.

दाराच्या चौकटीभोवतीचं रबर स्ट्रायकरच्या आधी बसवा. नवं रबर दाराला बाहेर ढकलतं, त्यामुळं रबराशिवाय जुळवलेला स्ट्रायकर वाया जातो. सगळं झाल्यावर स्ट्रायकर परत लावताना बोल्ट अर्धवट आवळा आणि दार आतून ओढून लावा. लॉकच स्ट्रायकरला आपल्या उंचीवर आणून ठेवतं. मग दार हळूच उघडा, स्ट्रायकरच्या जागेवर खूण करा आणि बोल्ट घट्ट करा.